पांढरा घेरदार झगा, फेटा आणि दोन्ही हातात रुमाल, हा नाच कुठला? (अर्जंट)

वाकडची_मनू

नमस्कार मंडळी. लेकीच्या शाळेचं गॅदरिंग तीन आठवड्यांवर आलंय, थीम महाराष्ट्राची लोकनृत्यं, आणि चौथी ब च्या वाट्याला नक्की काय आलंय ते कुणालाच माहिती नाहीये. बाईंनी ग्रुपवर चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ टाकला, खाली लिहिलं "असा डान्स बसवतोय, ड्रेसचं पालकांनी बघावं", विषय संपला. नाव विचारलं तर म्हणाल्या मलाही फॉरवर्डच आलाय. आणि तो व्हिडिओ इतक्या वेळा फिरलाय की माणसांची तोंडं पुसून गेलीत, वर मूळ आवाज काढून कुणीतरी डीजेचं गाणं चिकटवलंय, त्यामुळे वाजतंय काय तेही कळायला मार्ग नाही.

दिसतंय ते सांगते. पंधरा-वीस पुरुष, सगळे पांढऱ्यात. वर अंगरख्यासारखं पण खाली घेर आहे, गुडघ्याच्या खालपर्यंत, गिरकी घेतली की छत्रीसारखा फुगतो. डोक्याला फेटे, लाल-गुलाबी दिसतायत. कमरेला काहीतरी रंगीत बांधलंय. दोन्ही हातात एकेक रुमाल. गोल करून नाचतायत, मध्येच सगळे एकदम कमरेत वाकतात, रुमाल खाली झटकतात आणि उठताना डोक्यावरून फिरवतात. मागे माळरान आणि एक छोटं देऊळ.

सासूबाई म्हणतात लेझीम आहे. नवरा म्हणतो कोळी (त्याला सगळंच कोळी वाटतं). शेजारच्या काकू म्हणाल्या जेजुरीचं काहीतरी. ड्रेपरीवाल्याला दाखवला तर तो बघताक्षणी "राजस्थानी आहे मॅडम, गेर" म्हणाला आणि आरशांचं काम केलेला लाल-हिरवा ड्रेस आणि दोन काठ्या हातात ठेवून डिपॉझिट घेऊन मोकळा. काठ्या तर व्हिडिओत नाहीतच! कुणाला ओळखता येतंय का? गाव, नाव, ड्रेस, गाणं, जे माहीत असेल ते सांगा.


कट्ट्यावरचा_बंड्या

ड्रेपरीवाला बरोबर आहे. नोकरीच्या निमित्ताने मी जोधपूरला चार वर्षं काढलीत, होळीनंतर बाडमेरकडे हा नाच डोळ्यांनी बघितलाय. गेर म्हणतात. पांढरी घेरदार आंगी, लाल पगडी, पायात घुंगरू, गोल रिंगण, सगळं जुळतंय. महाराष्ट्रात पुरुष एवढ्या घेराचा कपडा घालून नाचतात हे मी तरी कधी बघितलं नाही. बाईंनी राजस्थानचा व्हिडिओ महाराष्ट्राचा म्हणून टाकलाय, दुसरं काय.


पायातले_चाळ

बंड्याभाऊ थांबा जरा. गेर मी पण बघितलंय आणि आंगीचं वर्णन तुमचं बरोबर आहे, पण गेरमधून काठी काढली तर राहतं काय? तो नाच काठीला काठी भिडवण्याचाच आहे, आतल्या आणि बाहेरच्या माणसाची टक्कर आणि प्रत्येक टकरीला अर्धी गिरकी. हात मोकळे ठेवून रुमाल हलवत कुणी गेर खेळत नाही.

मी कॉलेजात असताना युवा महोत्सवाला लोकनृत्याच्या टीममध्ये होतो, तेव्हा आमचे सर एक गोष्ट सारखी सांगायचे की कपड्यावरून नाच ओळखायला जाऊ नका, कपडा स्टेजवाल्यांनी बदललेला असतो. आधी हात बघा, मग पाय बघा आणि मग वाजवणारा कुठे उभा आहे ते बघा. तुमच्या सासूबाईंचं लेझीम पण ह्यातच बाद होतं, कारण लेझीम हे हातातलं वाद्य आहे, ते खुळखुळल्याशिवाय नाच नाही. कोळी नाचात हाताची हालचाल वल्हं मारल्यासारखी आणि बायका-पुरुष जोडीनं असतात. कोकणातल्या जाखडीत म्हणाल तर गाणारे आणि मृदंगवाला मध्ये बसलेले असतात, नाचणारे भोवती फिरतात आणि चाळ एकाच पायात असतो, माझं नाव त्यावरूनच आहे. तिथे रुमालाचं एवढं काम नसतं.

मनूताई, तीन गोष्टी बघून सांगा. ढोल दिसतोय का, असेल तर रिंगणाच्या आत की बाहेर? वाजवणारे स्वतः नाचतायत का? आणि कुणाच्या कपाळावर किंवा कपड्यावर पिवळं काही?


वाकडची_मनू

थांबवून थांबवून बघितला, लेकीनं स्क्रीनशॉट काढून मोठे करून दिले. ढोल आहेत! तीन किंवा चार, बरेच मोठे, गळ्यात अडकवलेले, आणि हो, रिंगणाच्या अगदी मध्ये. एका हातात काठी आहे, दुसरा हात नुसता. त्यांच्याजवळ एक जण मोठ्या झांजा घेऊन आहे. वाजवणारे जागेवर थोडे डुलतायत, फिरतायत, पण नाचणाऱ्यांसारखं नाचत नाहीयेत. सगळ्यांच्या कपाळाला पिवळं आहे, दोघांचे तर खांदे पण पिवळे झालेत. आणि एक म्हातारे बाबा कडेला उभे आहेत, साधं धोतर, खांद्यावर काळं ब्लँकेट.

पिवळं म्हणजे जेजुरी ना? काकू जिंकल्या का?


माणदेशी_गडी

ताई, ते ब्लँकेट न्हाय, घोंगडं हाय 😀 आणि तुमचं काम झालं. हा आमचा गजी नाच. कुणी गजा म्हणतं, कुणी गजीढोल म्हणतं, पुस्तकात धनगरी गजा लिहितात. सांगली, सातारा, सोलापूर ह्या तिन्ही जिल्ह्यांच्या कोरड्या पट्ट्यातला, म्हणजे आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, माण, सांगोला, मंगळवेढा हा सगळा भाग. माळरान दिसतंय म्हणालात तिथंच मला डाऊट आला होता, पण मध्ये ढोल आणि हातात रुमाल म्हटल्यावर विषयच संपला.

पिवळं बघून जेजुरी म्हणू नका. भंडारा खंडोबाला पण लागतो आणि बिरोबाला पण. जेजुरीचं असतं तर वाघ्या-मुरळी दिसले असते, हातात दिमडी, तुणतुणं, मुरळीच्या हातात घोळ म्हणजे घंटी. तिथं एवढे ढोल गळ्यात घालून रिंगण न्हाय धरत. हे देऊळ बिरोबाचं असणार. आम्हा धनगरांचा मोठा देव तोच. आरेवाडीला बिरोबाचं बन आहे कवठेमहांकाळ तालुक्यात, आणि कोल्हापूरकडं हातकणंगले तालुक्यात पट्टणकोडोली, तिथं विठ्ठल आणि बिरदेव जोडीनं आहेत, बिरदेव म्हणजे बिरोबाच. पट्टणकोडोलीची यात्रा एकदा तरी बघा, भंडाऱ्याबरोबर खारीक, खोबरं आणि मेंढीची लोकर उधळतात, दोन हातांवरचा माणूस दिसत न्हाय इतकं पिवळं होतं. घरी आल्यावर दोन आंघोळी केल्या तरी कानामागचा भंडारा निघत न्हाय आणि आई म्हणायची राहू दे तेवढा.

आता नाचाचं. मी स्वतः पाचवी-सहावीपासून रिंगणात शिरायचो, चुलत्यांच्या मागं. तुम्ही वाकणं आणि झटकणं बरोबर पकडलंय, पण नुसतं तेवढं बसवलं तर पीटी होईल. गजीत पाय आधी येतो आणि हात मागनं. ढोलाचा ठोका पडला की पाय आपटायचा नसतो, टेकवायचा असतो, गुडघा सैल ठेवून, चिखलातनं चालल्यासारखा. मग अंग त्या पायाकडं झुकतं आणि त्याच झोकात रुमाल जातो. रुमाल हातानं हलवला तर ओळखू येतं, अंगानं हलवला तर दिसतो. चुलते म्हणायचे हात विसर. मला दोन वर्षं कळलंच न्हाय की हात विसरायचा म्हणजे काय, आणि एका यात्रेत पहाटे तीनला झोप अनावर झालेली असताना आपोआप जमलं.

सुरुवात एकदम सावकाश असते, बघणाऱ्याला कंटाळा येईल इतकी. आमच्याकडं मधला एक जाणता माणूस शिट्टी मारतो किंवा नुसता हात वर करतो, की ढोलाची चाल बदलते आणि रिंगण पाऊल बदलतं. चढत चढत शेवटाला पळायलाच लागतात सगळे, आणि त्याच वेगात वाकायचं, गिरकी घ्यायची आणि शेजाऱ्याला धक्का न्हाय लावायचा. त्यात पन्नाशीतली माणसं असतात बरं का, पोट सुटलेली. बाहेर एक मिनिट चालवत न्हाय म्हणणारा माणूस रिंगणात अर्धा तास काढतो.

कपड्याचं, तो घेराचा झगा आणि एकसारखे फेटे म्हणजे गजी मंडळ आहे, ठरवून तयार होऊन आलेलं. आमच्या आज्याच्या वेळची माणसं धोतर, पैरण, पटका आणि खांद्यावर घोंगडं ह्यातच नाचायची, तुमच्या व्हिडिओतल्या कडेच्या बाबांसारखी. त्यामुळं झगा नसला म्हणून गजी न्हाय असं न्हाय. पण रुमाल पायजे. रुमाल आणि मध्ये ढोल.


कट्ट्यावरचा_बंड्या

मान्य, मागे घेतो. काठ्या नाहीत हे मनूताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं आणि मी वाचलंच नाही. घेर बघितला आणि सुटलो.


इतिहासप्रेमी_९६

हा मावळ्यांचा युद्धनाच आहे. शत्रूला गाफील ठेवायला नाचाच्या वेषात किल्ल्यात शिरायचे, रुमालाच्या खुणांनी निरोप द्यायचे. व्हॉट्सअॅपवर याच व्हिडिओबरोबर पूर्ण माहिती आली होती, शोधून टाकतो.


माणदेशी_गडी

नका टाकू दादा 🙏 मेंढरं राखणाऱ्या माणसांनी देवापुढं नाचलेला नाच आहे, त्यातच त्याची शान आहे, त्याला तलवार कशाला लावताय. आणि तलवारीचाच खेळ बघायचा तर आमच्यात हेडाम वेगळा आहे, पट्टणकोडोलीच्या यात्रेत देवाचे मानकरी फरांदेबाबा तलवार घेऊन हेडाम खेळतात आणि मग भाकणूक सांगतात, पाऊसपाणी कसं होईल, पीक काय येईल. ती तलवार देवाची, लढाईची न्हाय.


बेळगावी_कुंदा

मजा आली वाचून. थोडी भर घालते. आमच्या चिकोडी-निपाणीकडे हेच देव कानडीत बीरप्पा, बीरेश्वर. तिथले कुरुब मेंढपाळ आणि तुमचे धनगर, दोघांचा देव एक, दोघांकडे घोंगडं, दोघांकडे ढोल. पण नाच वेगळा. कर्नाटकात डोळ्ळु कुणिता असतो, त्यात ढोल वाजवणाराच नाचतो, एवढा मोठा ढोल अंगावर बांधून उड्या, बसणं, उठणं, सगळं. म्हणजे तिकडे ढोल रिंगण करतो आणि इकडे रिंगण ढोलाभोवती फिरतं. मनूताईंनी वाजवणारे नाचत नाहीयेत असं लिहिलं तेव्हाच मी म्हटलं हा कृष्णेच्या वरचा व्हिडिओ. सीमेवरच्या यात्रांमध्ये मात्र सगळं मिसळून जातं. मंगळवेढ्याजवळ हुलजंतीला दिवाळीत महालिंगरायाची यात्रा असते, पालख्यांच्या भेटी होतात, आमच्याकडचे लोक मोठ्या संख्येनं जातात, तिथे एका बाजूला कानडी पदं आणि दुसऱ्या बाजूला मराठी ओव्या ऐकू येतात आणि ढोलाला भाषा विचारायची कुणाला गरज पडत नाही.

आमच्या आजोळी एक आजी दोन्ही भाषांत शिव्या द्यायच्या, पण बिरदेवाशी फक्त कानडीत बोलायच्या. असो, भरकटले.


फोंड्याचो_झिलो

आमच्या गोंयात पण गवळी-धनगर आसात, मराठीत लिहितो. नवरात्रात बिरादेव पुजतात आणि नाचतात, तेही पांढऱ्या घेरदार कपड्यात आणि पागोट्यात. पर्यटनाच्या कार्यक्रमात धनगर नृत्य म्हणून असतंच. पहिल्यांदा व्हिडिओचं वर्णन वाचून मला आमचाच वाटला होता, पण मागे माळरान म्हणाल्यावर सोडून दिलं, आमच्याकडे मागे झाडी नसलेला व्हिडिओ काढणं कठीण 😄


पायातले_चाळ

विठ्ठल-बिरदेवाचा विषय निघालाच आहे तर, संशोधक रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाचं मूळ शोधताना गवळी-धनगरांच्या ह्या जोडदेवांकडेच बोट दाखवलं होतं, पट्टणकोडोलीचं उदाहरण त्यांच्याकडे येतं. आणि त्याआधी गुंथर सोन्थायमर नावाचे जर्मन अभ्यासक धनगरांच्या वाड्यांवर हिंडून ओव्या रेकॉर्ड करत होते, १९९२ मध्ये गेले ते. म्हणजे आपल्याला व्हिडिओ बघून ओळखू न आलेल्या नाचाच्या देवासाठी तो माणूस जर्मनीहून येऊन आयुष्य घालवून गेला. मी पण ह्यात धरलेला आहे, मी पण आधी नाव नाही सांगू शकलो.

माणदेशीदादा, एक विचारायचं होतं. यात्रा सगळ्या दसरा-दिवाळीच्या आसपासच का?


माणदेशी_गडी

सगळ्या न्हायत, पण मोठ्या बऱ्याच तेव्हा. त्याचं कारण मेंढरं. आमच्या भागात पाऊस कमी, दिवाळी झाली की चारा संपत येतो, मग कळप घेऊन माणसं घाटाखाली कोकणात नाहीतर जिकडं चारा-पाणी मिळंल तिकडं निघतात, घोड्यावर बिऱ्हाड, कोंबडी-करडं त्याच्यावर. शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतो, लेंडीखत मिळतं त्याला, बदल्यात धान्य किंवा पैसे. परत येतात ते पावसाळ्याला, कारण कोकणातला पाऊस मेंढराला सोसत न्हाय, पाय कुजतात. म्हणजे सगळा गोतावळा एका जागी असतो तो पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतच. दसऱ्याला देव बाहेर काढायला माणसं घरी असतात हे साधं गणित आहे. नाच शिकायचा पण तेवढ्याच दिवसांत. म्हणून मला दोन वर्षं लागली म्हणालो ती खरंतर दोन महिने-दोन महिनेच होती.


वाकडची_मनू

तुम्ही सगळ्यांनी कमाल केलीत, खरंच. मी आज बाईंना नाव सांगितलं, त्यांनी ग्रुपवर "आपला डान्स : धनगरी गजा" असं टाकलं आणि लगेच तीन पालकांनी विचारलं की मग मेंढ्या आणायच्या का. एकीनं थर्माकोलच्या मेंढ्यांची लिंक पण टाकली. बाईंचं म्हणणं आहे की स्टेज रिकामं दिसतं, चार मुलांना मेंढ्यांचे मुखवटे घालू आणि बाकीच्यांच्या हातात काठी देऊ, म्हणजे धनगर आहेत ते कळेल. गाण्याचं म्हणाल तर एक सिनेमातलं धनगराचं गाणं निवडलंय.

मला हे सगळं नको वाटतंय पण नक्की काय बोलू ते सुचत नाहीये. आणि झग्याचं काय करू? ड्रेपरीवाला म्हणतो तसला पांढरा त्याच्याकडे नाही, गेरचाच घाला, लांबून कोण बघतंय.


माणदेशी_गडी

लांबून माझ्यासारखा एखादा बघत असतो ताई, पालकांमध्ये बसून. पुण्यात आमच्याकडची माणसं काय कमी हायत का.

मुखवट्याला स्पष्ट न्हाय म्हणा. गजीत मेंढरू होऊन कुणी नाचत न्हाय, नाचणारा मेंढरं वाड्यात घालून, हातपाय धुऊन, चांगलं नेसून देवापुढं आलेला असतो. काठी पण नको, दोन्ही हातात रुमाल आहेत, काठी धरणार कुठं? बाईंना एवढंच सांगा, हात रिकामे न्हायत. ते पटंल त्यांना.

गाण्याचं सांगतो. ओव्या आमच्याकडं वेगळ्या, रात्री बसून म्हणायच्या, सुंबरान मांडलं म्हणून सुरू होतात आणि बिरोबाच्या जन्मापासून कथा चालते, पहाट होते. गजीला ढोल आणि कैताळ पुरतं. कैताळ म्हणजे तुम्ही मोठ्या झांजा म्हणालात ते. नुसत्या धनगरी ढोलाचं रेकॉर्डिंग शोधा, गाणं नसलेलं. सावकाश सुरू होऊन चढत जाणारं पायजे. चार मिनिटं मिळत असतील तर पहिलं दीड मिनिट सावकाशच ठेवा, पोरं कंटाळतील, आयांना पण वाटंल कधी सुरू होणार, ठेवा तरी. आणि सुरुवातीला एखाद्या पोरानं मोठ्यांदा "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणावं, बाकीच्यांनी "चांगभलं". एवढं झालं तरी आमच्या माणसाच्या अंगावर काटा येईल.

आणि मधी तीन-चार पोरांच्या गळ्यात ढोल पायजेतच, खोटे असले तरी चालतील. मधी ढोल नसला तर नाचणारी पोरं कशाभोवती फिरतायत तेच कळणार न्हाय.


शिवणकाम_सुरेखा

कपड्याचं माझ्यावर सोडा. भाड्याच्या ड्रेसच्या पैशात नवा शिवून होतो. पांढरं मांजरपाट घ्या, चौथीतल्या मुलाला वर साधी पैरण शिवा, कमरेपासून खाली घेर वेगळा जोडा. कळ्या कापत बसू नका, सरळ पट्टी चुण्या घालून लावा, खालचा घेर वरच्या कमरेच्या तिप्पट धरला की गिरकीत छान उघडतो. खालच्या कडेला दुमडपट्टी जरा रुंद ठेवा म्हणजे वजन येतं, नाहीतर हलका कपडा वर उडून मुलांच्या तोंडावर येतो, माझ्या मुलाच्या शाळेत झालंय हे. आत पांढरी लेगिंग किंवा पायजमा. मांजरपाट आधी भिजवून वाळवा, नाहीतर एका धुण्यात झगा गुडघ्यावर.

कमरेला ओढणी घट्ट बांधा, सेफ्टी पिन दोन. फेटा मात्र रेडीमेड टोपीसारखा घेऊ नका, वाकल्यावर सगळे एकदम पडतील.


वाकडची_मनू

अपडेट. मुखवटे कॅन्सल! "बाई, हात रिकामे नाहीत" हे वाक्य जसंच्या तसं टाकलं, बाई दोन मिनिटं गप्प आणि मग म्हणाल्या अरे हो की. सिनेमाचं गाणं पण गेलं, पण त्यासाठी थोडं भांडावं लागलं कारण दोन मम्मींचं म्हणणं होतं की नुसत्या ढोलावर मुलांना एक्स्प्रेशन देता येत नाहीत. शेवटी चौथी ब मधल्याच एका मुलाचे बाबा पुढे आले, जत तालुक्यातले निघाले, इथे कंपनीत ड्रायव्हर आहेत. ग्रुपवर वर्षभर एक शब्द बोलले नव्हते. म्हणाले ढोलाचं मी बघतो. परवा प्रॅक्टिसला येऊन स्वतः रिंगणात उभे राहून पाऊल दाखवलं, ऑफिसच्या पँटमध्ये, आणि माणदेशीदादा, अगदी तुम्ही लिहिलंत तसंच, आपटू नका टेकवा. बाई मोबाईलवर शूट करत होत्या, ह्यावेळी आवाजासकट.

ड्रेपरीवाल्यानं डिपॉझिटमधले पन्नास रुपये कापले, काठ्या वापरल्यासारख्या दिसतायत म्हणे. लेक घरात त्या काठ्यांनी क्रिकेट खेळली होती, त्यामुळे फार भांडता आलं नाही.

आता एकच अडचण. वाकून झटकलं की रुमाल हातातून सुटतात. काल मोजले, एका राउंडमध्ये नऊ रुमाल जमिनीवर. पोरं ते उचलायला थांबतात आणि मागचा पुढच्यावर आदळतो.


माणदेशी_गडी

रुमाल मुठीत धरत असतील, म्हणून सुटतात. एका टोकाला छोटी गाठ मारा, ती गाठ करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मधी अडकवायची आणि बाकीचा रुमाल हातावरनं सोडून द्यायचा. मूठ सैल. आणि रुमाल पातळ घ्या, ते टॉवेलचे नकोत, जड होतात.

एवढं करून पडलाच तर पडू दे, उचलायचा न्हाय. रिंगण थांबत न्हाय. आमच्यात नाच संपल्यावर ल्हान पोरं पळत जाऊन गोळा करतात, मी असे लय गोळा केलेत. त्या जतच्या दादांना माझा रामराम सांगा, आणि कुठल्या गावचे ते विचारून इथं लिहा.


वाकडची_मनू

विचारलं. माडग्याळचे म्हणाले.


माणदेशी_गडी

अरे देवा, मेंढरांचं माहेरघर! माडग्याळी मेंढी म्हणजे नाकाची कमान बघूनच कळते, राघूच्या चोचीसारखी असते. त्यांना म्हणावं आटपाडीच्या बाजाराला आलात की चहाला या. आणि ताई, तुमचा गॅदरिंगचा व्हिडिओ इथं टाका, मूळ आवाज ठेवून.